पहिल्या हाकेची ओ

आमच्या घरात हाक आली की ओ द्यायची, आणि तीही पहिल्याच हाकेला, असा वडिलांचा दंडक होता. वडील भोरला संस्थानच्या कचेरीत कारकून. दिवसभर वरच्या लोकांच्या हाकांना ते उठबस करत आणि त्याचं उट्टं संध्याकाळी आमच्यावर काढत, असं आई त्यांच्यामागे म्हणायची. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. मागे परसात एक पेरूचं झाड आणि त्याच्या पलीकडे नदीकडे उतरणारी वाट. मी नदीवर धुणं आपटत असेन, पेरूवर चढलेली असेन, नाहीतर तोंडात घास असेल, पण ‘गंगूऽ’ म्हटलं की माझी ‘ओऽ’ गेलीच पाहिजे. दुसरी हाक मारावी लागली तर वडील रागवत नसत. ते फक्त पानावर बसल्यावर माझ्याशी बोलत नसत आणि मला ते मारापेक्षा कठीण वाटे. त्यामुळे माझी ओ मी विचार करण्याच्या आतच बाहेर पडायची, शिंक यावी तशी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला कुणी धाडस म्हणू नये आणि मूर्खपणाही म्हणू नये.

त्या वर्षी श्रावणात वेल्ह्याकडे डोंगर खचला. गुंजवण्याच्याही पुढे, डोंगराच्या अगदी पोटाशी एक वाडी होती. तिच्यावर भर दुपारी कडा उतरून आला आणि वरच्या आळीतली घरं माणसांसकट गाडली गेली. बातमी भोरला पोचायलाच कितीतरी दिवस लागले, कारण सगळे ओढे भरून वाहत होते. दसऱ्यानंतर भोरच्या शाळेतले एक मास्तर मोठ्या वर्गातली मुलं घेऊन तिकडे घरं बांधायला निघाले. माझी आत्या भोरलाच मुलींच्या शाळेत शिकवायची. लहान वयात विधवा झालेली, आमच्याकडेच राहणारी आणि वडिलांना गप्प करू शकणारी घरातली एकुलती एक व्यक्ती. ती म्हणाली, “मुलं भिंती उभ्या करतील, पण त्या लिंपणार कोण? तुमचे मास्तर? मी जाते, आणि गंगूला नेते.” वडील म्हणाले, लग्नाची मुलगी, लोक काय म्हणतील. आत्या म्हणाली, “म्हणतील, मुलीला शेणामातीचं काम येतं. चांगली स्थळं येतील.” आईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं आणि मेतकुटाचा डबा भरायला घेतला.

बैलगाडीने निघालो. कामथडीला एका ओळखीच्या पडवीत रात्र काढली, पुढे नसरापुरावरून आत वळलो आणि रस्ता संपला तिथून चालत गेलो. भात पिवळं व्हायला लागलं होतं आणि हवेत आंबेमोहोराचा वास होता. इतक्या चांगल्या वासातून आपण मेलेल्या गावाकडे चाललो आहोत हे मला पटत नव्हतं. मग वळण आलं आणि डोंगर दिसला. हिरव्या अंगावरची कातडी सोलून काढावी तसा वरपासून खालपर्यंत तांबडा पट्टा. पायथ्याशी दगडमातीचा ढीग, त्यातून कुठे वासा, कुठे सुपाची कड वर आलेली. पावसाळा संपला तरी त्या ढिगाच्या आत पाणी वाहतच होतं. वर उभं राहिलं की शेजारच्या खोलीत माणसं हळू आवाजात बोलत असावीत तसा आवाज येई, आणि शब्द कळेल म्हणून आपण उगीच कान देऊन उभं राहू. मी पहिल्याच दिवशी तसा कान दिला. आत्याने दंड धरून मला खाली आणलं.

नवी घरं खालच्या टप्प्यावर, डोंगरापासून दूर बांधायची ठरली होती. मुलं दगडाचं जोतं रचत, वाडीतले पुरुष रानातून लाकूड आणि कारवीच्या काठ्या आणत. त्या काठ्या विणून केलेल्या भिंतींना तिकडे कुड म्हणतात. कुड उभा राहिला की काम आमचं, बायकांचं. माती, शेण आणि भाताचा कोंडा पायांनी तुडवायचा आणि तो चिखल हातांनी आतून-बाहेरून थापायचा. दोनच दिवसांत माझ्या बोटांची सालं निघाली. वाडीतल्या बायका माझ्या थापण्याला हसत. “भाकरी न्हाई ताई ती, भित हाय, जरा जोर लावा की!” दुपारी नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी. सोवळंओवळं आत्याने पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवलं आणि ‘भोरला कुणी विचारलं तर मेतकूट-भात खात होतो म्हण’ एवढंच मला बजावलं. मी आयुष्यात इतकी कधी जेवले नव्हते. हसणं होतं, जेवण होतं, आणि तरी वाडीत कुणी मोठ्याने बोलत नसे. मेलेल्यांची नावं तर कुणीच काढत नसे. सगळं हळू, डोंगराला ऐकू जाऊ नये इतकं.

पहिल्या दिवशीच एक प्रकार झाला. आत्याने मला पाणी आणायला हाक मारली, “गंगेऽ!” आणि चिखल तुडवणाऱ्या बायका होत्या तिथे थांबल्या. एकीने तर कानांवर हात ठेवले. येसूआजी नावाची म्हातारी होती, वाडीत सगळ्यांत वडील. ती काठी टेकत आत्याकडे आली.

“बाई, हितं त्ये नाव घिऊ नगा.”

“का? माझ्या भाचीचं नाव आहे ते.”

“आसंल. आमच्या सरूच्या पोरीचं बी त्येच हुतं. गंगी. डोंगराखाली हाय ती. गावलीच न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पोरी, तू हितं ताईच हायेस बरं. आन् दिवं लागताना कुणी त्ये नाव घिऊन हाक मारली, तर ओ दिऊ नगंस. मेल्याच्या नावाला जित्यानं ओ दिली, की मेल्यालं मोकळं हुतं आन् जितं आडकतं.”

आत्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दु:खात असलेल्या माणसांशी वाद घालू नये एवढी समज तिला होती. त्या क्षणापासून मी ताई झाले.

संध्याकाळी ती हाक ऐकली. वाडीत दिवे लागत होते. दिवे म्हणजे काय, महायुद्धाच्या लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, करंजाच्या तेलात वाती. वरून, ढिगाच्या कडेवरून, एका बाईचा आवाज आला. “गंगेऽऽ… ये गंऽऽ… घरला येऽऽ.” रडका नव्हता तो आवाज. खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तसा, थोडा वैतागलेला, रोजचा. तो साधेपणाच सहन होईना. आणि मग मी पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. वाडीतल्या प्रत्येक आईने आपापल्या पोराला जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. चुकून कुणी ओ देऊ नये म्हणून. हाका संपेपर्यंत ती पोरं डोळे मोठे करून हाताआडून बघत राहिली. मग हात सुटले आणि भाकऱ्या थापल्याचे आवाज सुरू झाले.

सरूची हकीकत मला तिच्या नवऱ्याने, धोंडिबाने सांगितली. त्या दुपारी सरू तान्ह्याला घेऊन खाचरात होती आणि गंगी घरात भात रांधत होती. आठ-नऊ वर्षांची पोर. वरून दगड गडगडायला लागले तशी सरूने बांधावरून हाक मारली, ‘गंगेऽ, भायेर ये!’ आतून पोरीने ओ दिली. पोर बाहेर यायच्या आत डोंगर आला. “ताई, ती मला म्हंती, पोरीनं ओ दिली हुती. ओ दिल्यालं माणूस येतंय. ओ दिऊन आली न्हाई आसं कसं हुईल?” गाडल्या गेलेल्या घराच्या जागेपाशी सरूने पाल्याचं खोपट बांधलं होतं आणि तान्ह्याला घेऊन ती तिथेच राहत होती. वरची माती अजून सुटी होती, रात्री अधूनमधून खडे घरंगळत. धोंडिबाचं नवं घर सगळ्यांत आधी उभं राहिलं आणि रिकामं राहिलं. त्याने पाया पडून पाहिलं, येसूआजीने शिव्या दिल्या, मास्तरांनी समजावलं. सरू म्हणे, “पोर आली तर कुटं जाईल? तिला ह्योच उंबरा म्हाईत हाय.” धोंडिबाला पोरगी गेल्याचं दु:ख करायलाही सवड नव्हती. आता सरू आणि तान्हंही जातील या धास्तीने तो रात्ररात्र त्या खोपटाबाहेर बसून राही.

मी त्या रिकाम्या घरातली जमीन करत होते. माती चोपून बसवायची आणि वरून शेणाने सारवायचं. काम लांबलं आणि आत अंधारून आलं. मी गुडघ्यांवर बसून, पाठमोरी, शेवटचा कोपरा सारवत होते. मनात भोरचं घर होतं. आई आता देवापाशी निरांजन लावत असेल, वडील येतील, चपला काढतील. आणि तेवढ्यात हाक आली, “गंगेऽऽ!”

“ओऽऽ!” मी म्हणाले.

मग मला कळलं. बाहेर सगळं थांबलं होतं. वरून दुसरी हाक आली नाही. मी शेणाच्या हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, पण ओ काही परत आत घेता येत नाही. मग उतारावर दगड घसरल्याचा आवाज झाला. कुणीतरी घाईघाईने खाली येत होतं. सरू दारात उभी राहिली, कडेवर पोर. ओल्या जमिनीवर पाऊल ठेवता ठेवता ती थांबली, जशी कुठलीही घरची बाई थांबेल. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी कोण आहे हे तिला अगदी नीट ठाऊक होतं, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. “हितनं ओ आली,” ती पोराला म्हणाली. मग सुक्या कडेने आत आली आणि चुलीपाशी बसली. धोंडिबा दाराबाहेर उभा राहून रडत होता.

त्या दिवसापासून सरू खालीच राहिली. संध्याकाळच्या हाका थांबल्या. वाडीला बरं वाटायला हवं होतं, पण बायका माझ्याशी बोलताना पाऊलभर लांब उभ्या राहायला लागल्या. “दिलीस ओ?” येसूआजी म्हणाली, “आता तुजी तू ऱ्हायली न्हाईस बग.” सरू मात्र माझे लाड करी. भाताची बुडाशी लागलेली खरवड गंगीला आवडायची म्हणे. ती खरवड रोज माझ्यासाठी पानावर बाजूला काढलेली असे. संध्याकाळी मला पुढ्यात बसवून कारळ्याचं तेल लावून माझी वेणी घाली. पण नावाने तिने मला एकदाही हाक मारली नाही. तिची बोटं केसांतून फिरत असताना मला आईची आठवण येई आणि भीतीही वाटे, दोन्ही एकदमच. एकदा आत्याने कुणी नाही असं बघून हळूच ‘गंगू’ म्हटलं, तर ते मला म्हटलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आत्याने दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी दचकले. आपलं नाव दुसऱ्याच्या अंगावर गेलेल्या झंपरासारखं झालंय, आता परत घातलं तरी ते आपल्याला बसणार नाही, असं काहीतरी मला वाटत राही. आता या वयात मुलं-नातवंडं म्हणतात, आजी, तू थकलेली होतीस, उपाशी होतीस, त्यामुळे तसं वाटलं असेल. उपाशी? मी खरवड खाऊन फुगले होते.

निघायचे दिवस जवळ आले. धोंडिबाने आपल्या दारातच आत्याला गाठलं आणि मान खाली घालून म्हणाला, “बाई, ताईला ऱ्हाऊ द्या थोडं. ती गेली तर सरू पुन्यांदा वर जाईल. पोरगं लहान हाय वो.”

“मी माझी भाची घेऊन आले, ती घेऊन जाणार,” आत्या म्हणाली.

“मी राहते,” मी म्हणाले. मला वाटलं होतं आत्या ओरडेल. ती नुसतं म्हणाली, “किती दिवस, गंगू? कोण म्हणून?” राहिले तर मी कुणाची राहणार, आणि गेले तर त्या तान्ह्याचं काय, हे माझ्याच्याने सुटत नव्हतं. मी रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मागे चुलीपाशी सरू होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नव्हती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पोर धोंडिबाच्या हातात दिलेलं होतं. “चल,” म्हणाली आणि माझं मनगट धरून मला वर घेऊन निघाली. आत्या उठली, पण येसूआजीने काठी आडवी धरली. आम्ही ढिगावर चढलो. खोपटाचा पाला वाळून उडाला होता. दगडांखाली ते पाणी बोलतच होतं. खाली वाडीत एक-एक वात लागत होती आणि मी पाहिलं, आया पोरांना जवळ ओढत होत्या.

“तुजी आय बी दारात हुबी आसंल,” सरू म्हणाली. “माज्या पोरीची ओ तुज्यापाशी ऱ्हायली. ती मी माघारी घेती.”

मग तिने माझ्या तोंडावर तळवा ठेवला. घट्ट, नाक सोडून. त्या हाताला राखेचा, भाकरीच्या पिठाचा आणि ओल्या मातीचा वास होता. माझ्या डोक्यावरून डोंगराकडे बघत तिने हाक मारली, “गंगेऽऽ!” माझ्या घशापर्यंत ओ आली. खरंच आली, मी ती थोपवू शकले नसते. हात होता म्हणून ती आतच राहिली. सरू थांबली. कान देऊन थांबली. पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, प्रत्येक वेळी मधे इतका वेळ सोडून की एखादी पोर चूल सोडून दारापर्यंत येऊ शकेल. डोंगराकडून काही आलं नाही. खालून एकाही पोराचा आवाज आला नाही. तिचा तळवा माझ्या तोंडावर सैल झाला नाही.

“न्हाई दिली ओ,” ती शेवटी म्हणाली. “बग. न्हाई दिली.” तिने हात काढला आणि माझं तोंड पदराने पुसलं. “जा. मोकळी हायेस तू.”

आणि मग ती तिथेच, दगडांवर बसून रडली. श्रावणात डोंगर आला तेव्हापासून ती रडली नव्हती, असं धोंडिबा नंतर म्हणाला. तिचं रडणं ऐकून खाली वाडीही रडायला लागली, प्रत्येक घर आपापल्या माणसाचं नाव घेऊन. इतक्या दिवसांत त्या वाडीचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा सरू नव्या घराच्या उंबऱ्यावर पोराला पाजत बसली होती. पानात बांधलेली खरवड तिने माझ्या हातात दिली आणि वळून पोराकडे बघायला लागली. वळणापर्यंत माझी पाठ ताठ होती. हाक आली नाही. पुढे कधीतरी वडिलांच्या कचेरीतल्या कुणाकडून कळलं की ती त्याच घरात राहिली. तो डोंगर मात्र पुन्हा कधी खचला नाही. वरचं खोपट राहिलं असतं तरी सरूला आणि पोराला काही झालं नसतं. मग माझ्या ओने वाचवलं कुणाला, हे मला फार वर्षं छळत आलं आहे, आणि कुणाला सांगावं तर त्यात छळण्यासारखं काय, असं लोक विचारतात.

भोरला पोचल्यावर वडिलांनी परसातून हाक मारली आणि मी ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेला दिली. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी बोलणं बंद केलं नाही. तेव्हापासूनची सवय. सासरी मला गर्विष्ठ म्हणत. आता घरात सगळ्यांना वाटतं, आजीला ऐकू येत नाही. धाकट्या मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं आहे, ते डबीत आहे. मला चांगलं ऐकू येतं. पहिली हाक येते तेव्हा माझ्या तोंडावर राखेचा वास असलेला तो हात असतो, म्हणून मी थांबते. दुसरी आली की ओ देते. कधी कधी संध्याकाळी, दिवा लावताना, पहिली हाक येते आणि मग दुसरी येतच नाही. तेव्हा हाक कुणी मारली, हे मी घरात कुणालाही विचारत नाही.